मुनीमजींचा एक हात

मुनीमजींची गाडी रोज धुतली जाते आणि आठवड्यातून एकदा चालते. चालते तीही फार लांब नाही. कामठ्याहून गोंदियाला, तिथून बँक, बाजार, एखादं लग्न, आणि घरी आल्याबरोबर पुन्हा बादली. पावसाळ्यातही या कार्यक्रमात खंड नाही. वरून धो धो पाऊस पडतोय आणि खाली एक माणूस मानेत छत्री अडकवून गाडी धुतोय, हे दृश्य पाहायचं असेल तर रोवणीच्या दिवसांत आमच्या गल्लीत या. विचारलंत तर उत्तर तयार असतं, "पावसाचं पानी वरून पडते बाबू. खालून कोन धुनार?"

गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये त्यांनी उभं आयुष्य हिशेब लिहिण्यात काढलं. धानाचे कट्टे किती आले, तांदूळ किती निघाला, कनकी किती, कोंडा किती, हमालांची हजेरी किती. हजेरीच्या वहीत ज्याला सही येत नसे त्याचा अंगठा घ्यायचं कामही त्यांचंच. शाईच्या डबीवर अंगठा दाबून तो वहीत न फरफटता कसा उठवायचा, हे ते आजही प्रात्यक्षिकासह दाखवतात. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. दारावरच्या पाटीवर नाव आहे, पण पोस्टमनही "मुनीमजी" म्हणूनच पुकारतो.

गाडी पोरानं घेऊन दिली. पोरगा पुण्याला. पांढरीशुभ्र गाडी, मागे एमएच ३५, आणि चारही चाकांना चकचकीत अलॉय. दृष्ट लागावी अशी. मुनीमजींच्या मनात सल एकच. आरसी बुकावर नाव पोराचं आहे. कुणी म्हटलं, "मुनीमजी, गाडी मस्त घेतली," की ते लगेच दुरुस्ती करतात, "माही नायी जी. पोराची. मी फक्त पुसनारा." हे बोलताना त्यांचा हात बॉनेटवर फिरत असतो.

अशी माणसं घरोघर असतात. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरणारे, सीटवरचं कंपनीचं कव्हर पाच वर्षं न काढणारे, सोफ्यावर चादर आणि चादरीवर टॉवेल टाकणारे. पुण्यामुंबईच्या सोसायट्यांत ते पार्किंगमध्ये प्रेशर पंप घेऊन उभे असतात आणि वॉचमनशी पाण्यावरून भांडतात. वस्तू वापरण्यापेक्षा जपण्यात त्यांना सुख. पण जपणाऱ्यांमध्येही दोन जाती आहेत. एक झाकून ठेवणारा, दुसरा घासत राहणारा. पहिला निरुपद्रवी असतो. मुनीमजी दुसऱ्या जातीचे.

त्यांच्या पडवीत एका दोरीवर फडकी वाळत असतात. त्यांची उतरंड ठरलेली आहे. काचेसाठी जुनं धोतर, कारण धोतराला धागे सुटत नाहीत. टपासाठी काकूंचं मऊ झालेलं लुगडं. दारांसाठी बनियन, तेही पोराचं, होजियरीचं. आणि सगळ्यात शेवटी, जे कशाच्याही लायकीचं उरलेलं नाही ते चाकांसाठी. या फडक्यांची अदलाबदल झालेली त्यांना खपत नाही. एकदा त्यांच्या नातवानं चाकाचं फडकं बॉनेटला लावलं तेव्हा मुनीमजी असे धावले की बघणाऱ्याला वाटावं पोराच्या हातात साप आहे. तसं त्यांचं म्हणणं खरंही होतं. चाकाच्या फडक्यात रेतीचे कण बसलेले असतात, आणि तेच फडकं रंगावर फिरवलं की उन्हात गोल गोल जाळं दिसायला लागतं. एवढं कळणाऱ्या माणसानं पुढे जे केलं ते का केलं, हा प्रश्न गल्लीला अजून सुटलेला नाही.

धुण्याची नोंद ठेवायला लाल कापडी बांधणीची वही आहे. तारीख, बादल्या, साबण, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा "समाधानकारक" असतं. गाडी स्वच्छ झाली हे इतरांना दिसतं तेव्हा मुनीमजींचं काम निम्म्यावर आलेलं असतं. "झाली की मुनीमजी," असं कुणी म्हणालं की ते मान न उचलता म्हणतात, "दोन मिनिटं जी. एक हात मारतो नं." हा जो एक हात आहे, तोच सगळ्या रामायणाचं मूळ.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते धान पाहायला बांधीवर गेले. हलकं धान कापणीला आलं होतं. पांदण ओली, चाकं आऱ्यांपर्यंत चिखलात गेली. तो चिखल घरी येईपर्यंत वाळला. त्याच्याखाली आधीचा काळा थर होताच. ब्रेक दाबला की पॅडची आणि डिस्कची बारीक भुकटी उडते, गरम चाकावर बसते आणि चिकटून राहते. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा नेहमी काळी का असतात त्याचं कारण हेच, ब्रेकचा जास्त भार पुढं असतो. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन, भिजवून, थोडं थांबून काढायचा तो थर. पण दुसऱ्या दिवशी दसरा. शस्त्रपूजेत गाडी. गल्लीतल्या लोकांनी सोनं द्यायला यायचं ते गाडीसमोरूनच. थांबायला वेळ कुणाला?

मुनीमजींनी धुण्याचं शिक्षण दोन ठिकाणी घेतलेलं. पोळ्याच्या सकाळी तळ्यावर बैल, आणि सणाच्या आधी अंगणात पितळी भांडी. बैलाला तणसाचा बोळा घेऊन कितीही खसाखसा घासलं तरी तो शेपटी हलवून उभाच राहतो. पितळेला चिंच आणि राख लावली की आरशासारखं उजळतं. दोन्ही अनुभव चांगलेच होते. त्यांनी मागच्या दारातून मिलमधल्या तुसाची राख आणली, मोरीतली तारेची घासणी घेतली, आणि बसले चाकापुढे उकिडवे.

इथे थोडा हिशेब सांगायला हवा, कारण तो मुनीमजींना तोंडपाठ आहे. शंभर किलो धान भरडलं की वीसेक किलो तूस निघतं. ते बॉयलरखाली जाळलं की त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी राख उरते. आमच्याकडे उसन्या तांदळाच्या मिलमागे या राखेचे ढीग पडलेले असतात. इथपर्यंत ते कुठल्याही झोपेतून उठून सांगतील. पण त्या राखेत शंभरात पंच्याऐंशी ते पंच्याण्णव भाग सिलिका असते, म्हणजे वाळूचीच जात, हा रकाना त्यांच्या वहीत कधी आला नव्हता. पितळेच्या गुंडावर हीच सिलिका गुणाची. अलॉयच्या चाकावर मात्र धातूवर प्रायमर, प्रायमरवर रंग, आणि रंगावर काचेसारखा पारदर्शक लॅकरचा थर असतो. आपण ज्याला चमक म्हणतो ती त्या लॅकरची. मुनीमजी चिखल काढत होते तेव्हा चिखलाबरोबर तोच निघत होता.

पहिलं चाक ओलं असताना झकास दिसलं. ओल्या चाकावर ओरखडा दिसत नाही, पाणी सगळं झाकतं. म्हणून दुसरं, तिसरं आणि चौथंही झालं. मग ऊन आलं, चाकं वाळली. काकू तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांनी आधी पाहिलं. आऱ्यांच्या सपाट भागावर गोलात गोल, गोलात गोल, हात जसा फिरला तसा. कडांवर रंग उडून आतला पांढरट धातू उघडा. आणि मधल्या खोबणीत, जिथे बोट शिरत नाही तिथे, आधीची चमक जशीच्या तशी शाबूत, कारण तिथे घासणी पोचलीच नव्हती.

काकू काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि नॉनस्टिकचा तवा घेऊन बाहेर आल्या. हा तवाही पोरानंच पुण्याहून आणलेला. काकूंनी तो पहिल्याच आठवड्यात राखेनं घासला होता, आणि तेव्हा मुनीमजींनी अंगणात उभं राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात, "चीज वापराची अक्कल लागते," या विषयावर व्याख्यान दिलं होतं. काकूंनी तो तवा गाडीच्या चाकाला टेकवून उभा केला. "जोडी बराबर दिसून रायली," एवढंच म्हणाल्या आणि तुळशीकडे वळल्या.

यानंतर मुनीमजी नाकबूल करण्याच्या अवस्थेत गेले. आधी, "हे उजेडाचं हाये, सायंकाळी पाय." सायंकाळीही तेच दिसलं. मग, "कंपनीनंच असं देल्लं." मग वर पाहिलं. आमच्या गावाजवळ बिरसीचं विमानतळ आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेलं. तिथे आता वैमानिक घडवायची संस्था आहे, आणि शिकाऊ पोरं छोटी विमानं घेऊन दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालत असतात. मुनीमजींनी त्यातल्या एका विमानाकडे बोट दाखवलं, "त्या इमानाचा धूर बसते ना खाली." विमानानं काही खुलासा केला नाही, ते वळून निघून गेलं.

दसऱ्याला गाडी उभी होती आणि चारही चाकांना झेंडूचे हार होते. बॉनेटला हार सगळेच घालतात. चाकांना दाट, आतपर्यंत काही दिसू नये असे, फक्त मुनीमजींनी. लोकांनी कौतुक केलं. "चाकाच्या भरोशावरच तं गाडी हाये," मुनीमजी म्हणाले. त्या दिवशी गाडी लहरीबाबांच्या आश्रमापर्यंत नेण्याचा बेत होता, तो रद्द झाला. हार तुटतील म्हणून, असं कारण सांगण्यात आलं.

हार सुकल्यावर प्रकरण पानठेल्यावर गेलं. आमच्या पानठेल्यावर कुठल्याही रोगाला औषध मिळतं आणि देणाऱ्याची काही जबाबदारी नसते. एकानं टूथपेस्ट सांगितली. ती अगदीच खोटी नाही. पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असतेच, वरवरची धूसर झाक थोडी कमी होते. पण इथे पेस्टच्या आवाक्यातलं काही उरलं नव्हतं. दुसऱ्यानं खोबरेल सांगितलं. खोबरेल लावल्यावर चाकं दिवसभर नवी दिसली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी धूळ त्यांच्यावर येऊन बसली. तिसऱ्यानं कास्टिक सोडा सुचवला. तो आणायला मुनीमजी निघाले होते, पण सोडा ॲल्युमिनियमला खातो हे काकूंना ठाऊक होतं. एकदा ॲल्युमिनियमच्या गंजात सोडा टाकून त्या पस्तावल्या होत्या. त्यांनी वाट अडवली. चौथा म्हणाला, घराच्या फाटकाचा चंदेरी रंग उरला असेल तर मारून टाका. तो उरला होता.

फाटकाच्या ब्रशनं चाकं रंगवणं हे काम जेवढं वाटतं तेवढं सोपं नाही. चाकं चंदेरी झाली, टायरवर चंदेरी बोटं उमटली, व्हॉल्व्हची टोपी चंदेरी झाली, फरशीवर चार चंदेरी वर्तुळं आली. ती वर्तुळं आजही आहेत, आणि मुनीमजी गाडी बरोबर त्यांच्यावरच उभी करतात.

शेवटी गोंदिया. तिथल्या एका डेंटर-पेंटरकडे. दहा बाय दहाचा गाळा, भिंतीवर सगळ्या रंगांचे शिंतोडे, आणि गोंदियातल्या निम्म्या धंद्यांसारखी तिथलीही भाषा हिंदी. त्यानं चाकाकडे पाहिलं, मुनीमजींकडे पाहिलं आणि विचारलं, "राख?"

"तुमाले कसं समजलं?"

"इधर सबका राखही रहता," तो म्हणाला. चंदेरी रंगाविषयी मात्र त्यानं काही विचारलं नाही. दुःख मोठं असलं की माणसं काही गोष्टी टाळतात.

थिनरनं फाटकाचा रंग उतरवल्यावर त्यानं नखाची परीक्षा घेतली. ओरखड्यावर आडवं नख फिरवायचं. नख अडखळलं नाही तर जखम लॅकरमधलीच, बारीक पेपर आणि पॉलिशवर भागतं. अडखळलं तर खोल, मग पुट्टी, प्रायमर, रंग सगळं आलं. आणि चाकाला तडा असेल तर हातच लावायचा नाही. खरचटलेलं रंगवता येतं, तडकलेल्यावर पुट्टी भरून वेगात गाडी हाकणं म्हणजे जिवाशी खेळ. मुनीमजींची नखं हिशेबनिसाची, व्यवस्थित कापलेली. त्यांनी पेंटरचंच नख उसनं घेतल्यासारखं त्याचं बोट धरून चारही चाकांवर फिरवलं आणि वहीत लिहून घेतलं.

अडचण आली ती पेपरच्या नंबरावर. पेंटर म्हणाला, आधी चारशे, मग आठशे, मग हजार, शेवटी दोन हजार, पाणी टाकत टाकत. मुनीमजींनी हिशेब जागेवर तपासला. त्यांच्या मते आकडा वाढला की जोर वाढला पाहिजे. दोन हजार म्हणजे चारशेच्या पाचपट खरखरीत, आणि असा पेपर शेवटी मारणारा माणूस लुटारू किंवा वेडा. दोघांची बरीच जुंपली. मध्येच मुनीमजींनी गावाची थोरवी काढली. 1818 साली कामठ्याच्या चिमणा पटेलानं कंपनी सरकारविरुद्ध बंड केलं होतं. "इंग्रजाले नायी ऐकलं आमच्या गावानं, तुह्या पेपराले ऐकाचं का?" पेंटर थंड होता. त्यानं विचारलं, मिलमध्ये चाळण्या असतात ना? एका इंचात भोकं जास्त असली तर दाणा मोठा पडतो की बारीक?

मुनीमजी थांबले. मग हळूच म्हणाले, "बारीक."

पेपरच्या नंबराचा मूळ हिशेब तोच. एवढी वर्षं कनकी वेगळी काढणाऱ्या चाळण्या मोजलेल्या माणसाला पुढे काही समजवावं लागलं नाही. उलट त्या दिवसापासून तेच सगळ्यांना समजवतात, न विचारता.

पेंटरनं एक चाक करून दिलं, बाकीच्या तिन्हींचा भाव सांगितला. भाव ऐकून मुनीमजींनी उरलेलं काम स्वतः घरी करायचं ठरवलं. हे अपेक्षितच होतं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांनी ते काम अतिशय देखणं केलं. चाक जॅकवर काढून, गाडीखाली लाकडी ओंडके लावून, अंगणात पाटावर ठेवलं. रिम आणि टायर यांच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका खोचल्या, गोल, एकीवर एक, म्हणजे रंग टायरवर जाऊ नये. ही युक्ती पेंटरकडची, पण पत्रिका मुनीमजींच्या संग्रहातल्या. गावातल्या कैक जोडप्यांची नावं त्या चाकाभोवती उभी होती आणि काकू येता-जाता सांगत होत्या, कोणाचं निभलं आणि कोण कोर्टात आहे. साबणाच्या पाण्यात पेपर बुडवून, अंगठ्यानं न दाबता सपाट रबराच्या तुकड्यावर गुंडाळून, चारशे, आठशे. खोल जागी पुट्टी, ती वाळल्यावर पुन्हा पेपर. प्रायमर. मग रंगाचे पातळ हात, डबा हलवत, वीतभर लांबून. एकदम जाड मारला तर ओघळतो, हे नातवाला बजावत. ज्या माणसानं फाटकाचा ब्रश चालवला तो हाच, यावर विश्वास बसू नये असं काम.

शेवटी लॅकर मारला आणि पेंटरनं फोनवर सांगितलं, आता चोवीस तास हात लावायचा नाही.

हे त्या माणसाला सांगणं म्हणजे काय, ते फक्त आमच्या गल्लीला कळेल. पहिला तास मुनीमजी खुर्ची टाकून चाकाकडे बघत बसले. मग आत गेले, बाहेर आले. चाकाऐवजी जॅक पुसला. ओंडके पुसले. पडवीतली सगळी फडकी धुतली. माझ्याकडे येऊन माझ्या स्कूटरचं चाक पाहिलं, नख फिरवलं, "पहिल्या वर्गाचं हाये, पेपरवर भागते," असं निदान दिलं आणि एक हात मारू का म्हणून विचारलं. मी स्कूटर घेऊन निघून गेलो. दुपारी ते झोपले नाहीत. संध्याकाळी नातवाला चाकाजवळ पहाऱ्याला बसवलं, कुत्री येतात म्हणून. रात्री जेवताना दोनदा उठले.

सकाळी चाक आरशासारखं लखलखत होतं, आणि एका आऱ्याच्या ऐन मधोमध, लॅकरमध्ये घट्ट बसलेला, एक अंगठा. रेघ न् रेघ स्पष्ट. कुठे फरफटलेला नाही. हजेरीच्या वहीत उठावा तसा.

नातू आधी ओरडला, "आजोबा, कोनाचा हाये?" काकूंनी टॉर्च कुठे होता ते पाहिलं. तो चाकाजवळच होता.

गल्ली जमली. पुन्हा पेपर मारा, पुन्हा लॅकर मारा, असं प्रत्येकजण सांगू लागला. पेंटरला फोन लावायला कुणी तरी निघालाही. मुनीमजींनी हातानं सगळ्यांना थांबवलं, चष्मा पुसला आणि वाकून ठसा पाहिला. वर आले तेव्हा चेहऱ्यावर लाज नव्हती.

"राहू द्या," ते म्हणाले. "कागद पोराच्या नावानं असन. पन अंगठा माहा लागला. आता गाडी माह्या नावानं झाली."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मंग हप्ते बी तुमीच भरा."